लाल बादली उपडी होती

दाजी,

तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले. या सोळा दिवसांत मी रोज तुमच्या घरी गेलो. आल्यागेल्याला पाणी दिलं, खुर्च्या मांडल्या, उचलल्या, पुण्याहून आलेल्या तुमच्या लेकीला धीर दिला. लोक म्हणाले, मेव्हणा असावा तर असा. मी मान खाली घालून ऐकून घेतलं. त्यांना वाटलं, दुःखानं घातली.

दुःख होतंच की. तुम्ही माझ्या बहिणीचे नवरे, पण चाळीस वर्षांत मला ते नातं कधी तेवढंच वाटलं नाही. तरी मान खाली जायचं कारण दुसरं होतं, आणि ते मी कुणाजवळ बोललेलो नाही. अक्काजवळ बोलायला हवं होतं. तिच्याजवळ तर मी चक्क खोटं बोललो, तेही कालच. म्हणून आज हे कागद घेऊन बसलोय.

शोकसभेत तुमच्या जुन्या साहेबांनी भाषण केलं. कागलच्या एमआयडीसीत फौंड्रीतली नोकरी, कधी खाडा नाही, शिस्तीचा माणूस, वेळेवर जेवण, वेळेवर झोप. सगळं खरं होतं आणि ऐकताना मला सारखं वाटत होतं की हे भलत्याच कुणाबद्दल बोलतायत. हा शिस्तीचा माणूस हेरकथांच्या पायी अर्धा वेडा होता, हे एकानंही सांगितलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं. आपण ते लपवण्यात इतका आनंद घेतला की तुमच्या शोकसभेतही ते लपूनच राहिलं.

मला हा नाद तुम्हीच लावलात. मी बारावीला गटांगळी खाल्ली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. तुमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. वडिलांनी तुम्हाला सांगितलं, जावईबापू, ह्याला जरा चार शब्द सुनवा. तुम्ही मला सायकलवर डबलसीट घेतलंत आणि थेट मॅटिनीला नेलंत. परदेशी हेराचा पिक्चर. मोटारी उडत होत्या, माणसं छपरांवरून पळत होती, मी खुर्चीच्या टोकाला येऊन बसलेलो. बाहेर आल्यावर चहा पाजलात आणि विचारलंत, "काय बघितलंस?" मी पाठलाग सांगितला, गोळीबार सांगितला. तुम्ही बशीतला चहा संपेपर्यंत ऐकून घेतलंत.

"आणि पडदा?"

"कुठला पडदा?"

"समोरच्या खिडकीतला. हलला की मघाशी. झाडाचं पान हलत नव्हतं, तवा वारं न्हाई. पडदा आपणहून हलत न्हाई मेव्हणं. हलला म्हंजे मागं हात हाय."

वडिलांना तुम्ही घरी जाऊन सांगितलंत, चांगला झापलाय. ऑक्टोबरात मी पास झालो.

तुमचं कामच तसं होतं. लोखंड ओतायच्या आधी त्या वस्तूचा हुबेहूब लाकडी नमुना करायचा, आणि तो केसभर चुकला तरी पुढचं सगळं ओतकाम वाया. असल्या माणसाच्या हाती हेरकथा लागली की तो ती वाचत नाही, तपासतो. एक पुस्तक तुम्ही महिना महिना पुरवायचात. रोज एक प्रकरण. खूण म्हणून पॉलिश पेपरची पट्टी, आणि कानामागच्या पेन्सिलीनं समासात बारीक अक्षरात शेरे. "ही किल्ली आधी डाव्या खिशात होती." "बर्फात इतक्या लवकर मोटार चालू होत नाही." आणि सगळ्यात जास्त वेळा आलेला शेरा, "हा जेवला कधी?" दिवस मावळायच्या आत जेवायचं हा आपल्या घरातला नेम. तुमच्या दृष्टीनं ज्या हेराला जेवणाची वेळ पाळता येत नाही त्याच्या हाती देशाची गुपितं देणं हाच मुळात गाढवपणा होता.

आपलं जमायचं आणि आपलं कधी पटायचं नाही. मला पडद्यावरचे हेर आवडायचे, हेलिकॉप्टरला लोंबकळणारे. तुम्हाला पुस्तकातले आवडायचे, आणि त्यातही ते फायलीत डोकं घालून बसणारे, बाकावर पेपर धरून तीन-तीन तास कुणाची तरी वाट बघणारे. मी म्हणायचो, दाजी, हा काय हेर, हा तर आमच्या तहसील कचेरीतला कारकून वाटतोय. पन्हाळ्याच्या कचेरीत असले छप्पन्न आहेत. तुम्ही म्हणायचात, "थांबणं हेच त्याचं काम हाय. पळायला कुत्र्याला बी येतंय." तो वाद आपण तीस-पस्तीस वर्षं घातला. मला कधी मनापासून हरवावंसं वाटलं नाही तुम्हाला, कारण वाद संपला असता तर गच्चीवर यायला दुसरं निमित्त शोधावं लागलं असतं.

मग सहा वर्षांपूर्वी तुमच्या छातीत कळ आली. दोन स्टेन्ट बसले. डॉक्टर म्हणाले, आता मनावर ताण द्यायचा नाही, उत्तेजना टाळायची. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, मी तुमच्याकडे, आणि अक्कानं आपल्या दोघांकडे. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं तुमची झाडून सगळी पुस्तकं पोत्यात भरून रद्दीवाल्याला दिली. टीव्हीवर बातम्या आणि कीर्तन, बाकी बंद. "धडधड वाढवणारं कायबी घरात येणार न्हाई," असं तिनं मलाही दारातच सुनावलं.

दहा दिवस तुम्ही तग धरलात. अकराव्या दिवशी मला फाटकाशी गाठून कुजबुजलात, "मेव्हणं, पुरवठा चालू करायला पायजे."

काय सांगू दाजी, त्या एका वाक्यानं मला विशीत असल्यासारखं वाटलं. सगळी आखणी तुमचीच. फोन करायचा नाही, कारण फोन अक्का उचलते. पुस्तक मी आणायचं आणि जाता येता तुमच्या फाटकाजवळच्या विजेच्या मीटरच्या पेटीत सरकवायचं. आणि बोलावणं असेल तर गच्चीवरची लाल बादली. माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून, मधला मोकळा प्लॉट ओलांडला की तुमच्या गच्चीचा कठडा समोर दिसतो. बादली सरळ असली तर काही नाही. उपडी असली तर ये. मी अर्ध्या तासात दारात. अक्का विचारायची, काय रे? मी म्हणायचो, सहज आलतो.

मी निवृत्त झालो तेव्हापासून तर आठवड्यात तीन-तीनदा उपडी. चारचा चहा झाला की गच्चीवर दोन खुर्च्या, शर्टाच्या आत लपवून वर आणलेलं पुस्तक, आणि सहाला अक्काची जेवायला हाक येईपर्यंत चर्चा. हृदयाच्या दुखणेकऱ्याला चोरून हेरकथा पुरवणारा मेव्हणा. यात काही चूक होतंय असं मला तेव्हा एकदाही वाटलं नाही. तुम्ही गेलात त्या दिवशी मात्र पहिला विचार तोच आला, की मीच दिलं हे सगळं, दर महिन्याला, मीटरच्या पेटीतून.

पण खरी चूक ती नव्हती. खरी सांगतो.

शेवटचं पुस्तक जाडजूड होतं, परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद. हेरखात्यात कुणीतरी फितूर आहे आणि तो कोण ते शेवटपर्यंत कळत नाही. तुम्ही एकतीस प्रकरणांपर्यंत आला होतात, सात राहिली होती. त्याच कादंबरीवरची मालिका मला फोनवर सापडली आणि मी दोन दिवसांत तिचा फडशा पाडून मोकळा झालो. तुम्हाला कळू द्यायचं नाही एवढी अक्कल मला होती.

त्या रविवारी तुमची लेक आणि जावई पुण्याहून आले होते. सगळे जेवायला बसलो. भाकरी, दोडका, शेंगदाण्याची चटणी. जावयानं विचारलं, मामा, सध्या काही चांगलं बघण्यासारखं? झालं. मला कुणी असं विचारलं की माझा मी राहत नाही. हात हलवून हलवून मालिका सांगायला लागलो. रंगलो. आणि शेवटी घास हातात धरून म्हणालो, "आणि फितूर कोण निघतो? त्याचा जिवाभावाचा मित्र! ज्याच्या घरी तो रोज जाऊन बसतो, तोच!"

सगळे वा वा म्हणाले. मी तुमच्याकडे बघितलं आणि मला पुस्तक आठवलं. तुम्हाला ओरडताही येईना. तुम्ही ते पुस्तक वाचतच नव्हता ना, अक्काच्या लेखी. तुम्ही ताटातली भाकरी संपवलीत, हात धुतलात आणि गच्चीवर गेलात.

मी मागून आलो. त्या वेळी पटकन माफी मागितली असती तर हे कागद लिहायची वेळ आली नसती. पण मला अपराधी वाटलं की मी आधी चिडतो, हे तुम्हाला ठाऊक आहे.

"तोंड आवरत न्हाई तुला," तुम्ही म्हणालात.

"दाजी, दोन दिवसांचं काम तुम्ही महिनाभर पुरवता. तोवर जगानं थांबायचं व्हय?"

"व्हय. थांबायचं. माझ्यासाठी एवढं बी न्हाई जमत?"

"वय काय तुमचं? गोष्टीच्या पुस्तकासाठी तोंड फुगवून बसताय. पोरखेळ आहे सगळा. बादली काय, पेटी काय. मी आपला तुमच्या मनासारखं करतो म्हणून चाललंय."

हे शेवटचं वाक्य खोटं होतं. त्या बादलीची वाट मी तुमच्यापेक्षा जास्त बघायचो. सकाळी दूध तापवायला ठेवलं की आधी खिडकीतून कठडा बघायचो. पण तुम्हाला ते कसं कळणार? बादली सरळ होती, ती उगाच उचलून पुन्हा सरळच ठेवलीत आणि खाली गेलात.

आठ दिवस बादली सरळ. मी रोज बघायचो आणि रोज जास्त तापायचो. म्हणायचो, मोठ्या माणसानं मोठेपणा दाखवावा. मी लहान आहे, मी का जाऊ? साठीला आलेला माणूस स्वतःला लहान म्हणवून घेत होता.

नवव्या दिवशी बायको माहेरी गेली होती, मी एकटाच होतो. चारच्या सुमाराला चहाचा कप घेऊन खिडकीशी उभा राहिलो आणि बघितलं, तर लाल बादली उपडी.

दाजी, मला काय वाटलं ते सांगतो. आनंद झाला, तो घोटभर. त्याच्यामागून लगेच दुसरं आलं. म्हटलं, आले ताळ्यावर! आता थांबू देत. ह्यांनाच थांबण्याची हौस ना, मग बघू देत थांबून. मी सावकाश चहा पीत राहिलो. तेवढ्यात जिन्याच्या दारातून तुमची पांढरी टोपी वर आली. तुम्ही कठड्याशी गेलात, बादलीकडे बघितलंत, आणि मग मान वर करून माझ्या खिडकीकडे.

मी पडदा ओढला.

टीव्ही लावला, दुसरी कुठलीशी मालिका. आवाज मोठा केला. दिवस मावळताना पडद्याच्या फटीतून एकदा बघितलं. तुम्ही खुर्चीत होतात, शेजारी दुसरी खुर्ची रिकामी. मला बरं वाटलं. लिहायला लाज वाटते, पण खरंच बरं वाटलं. म्हटलं, उद्या सकाळी जाऊ, गरम जिलेबी घेऊन जाऊ, मिटवून टाकू.

सकाळी साडेसहाला अक्काचा फोन आला. जिलेबीचं दुकान उघडायच्या आधी.

काल दुपारी घर पहिल्यांदाच रिकामं झालं. लेक-जावई पुण्याला परत गेले. अक्का आत पडली होती. मी मीटरची पेटी उघडली, पुस्तक काढून न्यायला. आपल्या भाषेत पुरावा नष्ट करायला. तिला आता या वयात, अशा वेळी कळायला नको की नवरा आणि भाऊ सहा वर्षं तिला फसवत होते. पेटी रिकामी होती. वाटलं टाकीमागं ठेवलं असेल, म्हणून गच्चीवर गेलो. टाकीमागंही नव्हतं. कठड्यावर बादली मात्र तशीच उपडी. पंधरा दिवसांत कुणी तिला हात लावला नव्हता. मला ती बघवेना. सरळ करायला हात पुढं केला.

"राहू दे ती."

अक्का जिन्याच्या दारात. हातात पुस्तक.

"हेच शोधालास न्हवं?"

मी हात मागं घेतला. ती येऊन तुमच्या खुर्चीवर बसली.

"पहिल्याच महिन्यात कळलं मला," ती म्हणाली. "बादली उपडी पडली की तू अर्ध्या तासात दारात. सहज आलतो. रोज कोण सहज येतंय रं? आणि मीटर बघायला माणूस आलता, त्यानं पेटी उघडली तसं पुस्तक त्याच्या पायावर पडलं. बिचाऱ्यानं मला आणून दिलं. मी परत ठेवलं. आधी वाचून घेतलं, मग ठेवलं."

"तू वाचलंस?"

"निम्मी तरी वाचल्यात. दुपारी हे झोपले की. त्या रशियाच्या पुस्तकातली बाई चोर हाय हे मला दहाव्या पानावर कळलं. ह्यांना शेवटपर्यंत न्हाई कळलं."

"मग तू बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलू? गच्चीवरनं खाली आले की दोन घास जास्ती जेवायचे. ते काय डॉक्टर देणार हाय व्हय?"

मी हसलो. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. मला वाटलं, चला, माझ्यावरचा निम्मा भार उतरला, पुस्तकांनी तुम्हाला मारलं नाही. ती मात्र हसत नव्हती. बादलीकडे बघत होती.

"त्या दिवशी ही मी उपडी घातली," ती म्हणाली.

मला आधी कळलंच नाही.

"आठ दिवस तोंड एवढंसं करून बसलेले. पुस्तकाला हात न्हाई. तुझं नाव काढलं की उठून जायचे. म्हटलं, तू आपणहून आलास असं त्यांना वाटलं तर मिटंल. फोन केला असता तर तू येऊन पहिलं हेच सांगितलं असतंस, अक्कानं बोलावलं म्हणून आलो. तुझ्या तोंडात काय राहतंय?"

"मग?"

"चहा पिऊन वर आले. मी दोरीवरचे कपडे काढत हुते. बादली बघितली. म्हणाले, कुणी उपडी घातली? मी म्हटलं, मला काय म्हाईत, वारं असंल. हसले. पण सरळ केली न्हाई. दोन खुर्च्या मांडल्या. खाली जाऊन पुस्तक घेऊन आले, शर्टात लपवून. मी बघितलं न्हाई असं केलं."

ऊन उतरत होतं. मी कशासाठी कोण जाणे, विचारलं, "जेवले होते का?"

तिनं मांडीवरच्या पुस्तकावरची धूळ पदरानं पुसली. धूळ नव्हतीच.

"सहाला हाक मारली. म्हणाले, येईल तो, मग बसू. परत मारली. म्हणाले, येईलच आता. मग दिवस मावळला. मावळल्यावर जेवतात व्हय ते? पाणी बी न्हाई घेतलं. तसेच झोपले." आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून घाईघाईनं म्हणाली, "गोळी मी चहाबरोबरच दिलती. डॉक्टर म्हणाले, ह्याचा त्याचा काय संबंध न्हाई. मनाला लावून घेऊ नको."

मी कठड्याला धरून उभा होतो. समोर माझी खिडकी.

"तुझ्या खिडकीचा पडदा ओढलेला हुता," ती म्हणाली. "मी ह्यांना म्हटलं, घरात कोण न्हाई वाटतं. ते काय बोलले न्हाईत. तू बाहेर गेलतास न्हवं?"

"व्हय," मी म्हटलं. "गेलतो."

ती मान हलवून उठली. बादली तिनं स्वतःच्या हातानं सरळ केली, "आता कुणासाठी उपडी ठेवायची," म्हणाली, पुस्तक माझ्या हातात दिलं आणि खाली गेली.

दाजी, तिला तुम्ही काही बोलला नाहीत. बोलला असतात तर मला खोटं बोलायला जागाच उरली नसती. तुम्हाला माहीत होतं. मॅटिनीच्या बाहेर बशीतला चहा पिताना मला ज्यानं सांगितलं की पडदा आपणहून हलत नाही, त्यानं तो ओढला जाताना समोर उभं राहून बघितला. मी घरात आहे, बादली मला दिसली आहे, आणि मी येत नाही, हे सगळं तुम्हाला त्याच क्षणी कळलं असणार. तरी तुम्ही दोन खुर्च्या मांडल्यात. तरी दोनदा म्हणालात, येईल तो. आणि मला अक्कापुढं उघडं पाडायचं नाही म्हणून गप्प बसलात. मी भर पंगतीत तुमच्या पुस्तकातला माणूस सांगून मोकळा झालो होतो, आणि तुम्ही माझं नाव घरातल्या घरातही सांगितलं नाहीत.

काल संध्याकाळी ते पुस्तक उघडलं. मला वाटलं होतं, पट्टी एकतिसाव्या प्रकरणाला असेल. ती बत्तिसाव्याच्या शेवटी होती. म्हणजे उजेड होता तोवर तुम्ही एक प्रकरण वाचलंत, रोजच्यासारखं एकच. फितूर कोण ते माहीत असताना. त्या प्रकरणाच्या शेवटच्या पानाच्या समासात तुमचं बारीक अक्षर होतं: "कोण ते कळलं. का, ते बघू."

तुम्ही नेहमी म्हणायचात, नाव कळलं की गोष्ट मेली. मी म्हणायचो, नाही मरत. या एका ओळीत तुम्ही अर्धा वाद मला देऊन टाकलात, आणि मी तो घ्यायला आलो नाही. उरलेली सहा प्रकरणं मी वाचलेली नाहीत. मालिकेत बघितलंय सगळं, पण त्यात का ते नीट सांगितलेलं नव्हतं, की माझंच लक्ष नव्हतं, आता आठवत नाही. रोज एक वाचीन म्हणतो. तुमच्याइतक्या सावकाश वाचायची सवय नाही मला.

माझ्यापुरतं का, ते एवढंच आहे दाजी. मला वाटलं, तुम्ही उद्याही असाल. याहून मोठं कारण शोधलं, सापडलं नाही.

तुमच्या उपकारांची यादी करायला बसलो तर ही पानंही पुरणार नाहीत. नापास झालेल्या पोराला पिक्चरला नेणारा माणूस मला नंतर आयुष्यात दुसरा भेटला नाही. पन्हाळ्याच्या कचेरीत मला लोक म्हणायचे, तुमच्या नजरेतून कागद सुटत नाही. ते तुमच्यामुळे. तेवढं तरी मी तुमच्या तोंडावर सांगायला हवं होतं. चाळीस वर्षं गच्चीवर बसून मी तुम्हाला जगभरच्या हेरांबद्दल सांगितलं आणि हे सांगायचं राहिलं.

आता हे कागद तुमच्या नावे लिहिले असले तरी तुमच्यासाठी नाहीत. तुम्हाला यातलं सगळं आधीच माहीत होतं. आज दुपारी अक्का झोपली की मी जाऊन ते मीटरच्या पेटीत सरकवणार आहे. ती पेटी उघडून बघितल्याशिवाय राहायची नाही, सहा वर्षांची सवय आहे. उठल्यावर तिला कळेल की मी बाहेर गेलो नव्हतो. मी घरात होतो, बादली बघितली होती, आणि तिचा नवरा शेवटच्या दिवशी उपाशी झोपला तो माझ्यामुळे.

चारनंतर मी खिडकीशी स्टूल घेऊन बसेन. पडदा काढून ठेवलाय, दांडीसकट. ती बादली उपडी घालील की नाही, मला सांगता येत नाही. नाही घातली तर तिचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उद्या बसेन, परवा बसेन. आणि घातली, तर पायात चपला अडकवायलाही थांबणार नाही. दिवस मावळायच्या आत पोचेन, दाजी. तिला जेवणासाठी माझी वाट बघावी लागणार नाही.